पंच क्रमांक दोन

घाई होती, एवढंच कारण. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी तेच सांगितलं, आणि सांगताना दर वेळी ते कारण आणखी लहान वाटत गेलं.

लालबागच्या एका शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. राहते गिरगावात, खोताच्या वाडीपासून दोन गल्ल्या सोडून. सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी बसस्टॉपवर उभी होते. माझी मुलगी तेव्हा सातवीत, दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर. सासूबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दर चार तासांनी थेंब घालायचे. तेवढ्यात एक हवालदारीणबाई माझ्याजवळ आल्या. तीस-बत्तिशीच्या असतील.

"ताई, पाच मिनिटं पोलीस स्टेशनला येता का? पंच पाहिजे. बाईमाणूसच पाहिजे."

"मला बस पकडायचीय हो."

"पाचच मिनिटं. चार जणींना विचारलं, कोणी येत नाही. मी सकाळी सातपासून ड्युटीवर आहे, मलाही घरी जायचंय."

त्यांच्या तोंडावरचा तो थकवा माझ्या ओळखीचा होता. मी गेले.

पंच म्हणजे काय हे मला आता चांगलं समजतं. पोलिसांनी काही जप्त केलं, की ते खरंच तिथे, त्याच रीतीने सापडलं, हे बघायला पोलिसांशी संबंध नसलेली दोन माणसं लागतात. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. तेव्हा मला फक्त शब्द माहीत होता.

आतल्या खोलीत एक साहेब बसले होते. टेबलावर खाकी कागद आणि त्यावर सोन्याच्या दोन पाटल्या. शेजारी टाईप केलेली चार पानं, तयार. लोखंडी कपाटाला टेकून जमिनीवर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, पदर मुठीत धरून.

"ही परळच्या एका टॉवरमध्ये घरकाम करते," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्या मालकिणीच्या पाटल्या उचलल्या. काळाचौकीला हिच्या खोलीत तांदळाच्या डब्यात मिळाल्या. तुमच्यासमोर काढून दिल्या, असं आहे. इथे सही करा, इथे, आणि इथे लेबलवर."

"माझ्यासमोर?"

"फॉर्मॅलिटी असते, मॅडम. दुसऱ्या पंचांनी केलीय सही." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाकडे बोट केलं. तो पोलीस स्टेशनच्या समोरच टिकल्या-पिनांचा स्टॉल लावायचा. तो हसला आणि त्याने मान हलवली.

खाली बसलेली बाई एकदम बोलली, "ताई, मी नाय घेतलं. डब्यात काय नव्हतं."

"गप बस," हवालदारीणबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. कंटाळून म्हणाल्या.

मी त्या बाईकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग तीन सह्या केल्या, पत्ता आणि फोन नंबर लिहिला आणि निघाले. बस मिळाली. घरी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं केलंस. पोलिसांना कोणीतरी मदत करायलाच हवी."

रोज माझ्या टेबलापाशी पालक येतात. घाईघाईत पेन काढणाऱ्या आईला किंवा बापाला मी थांबवते. आधी वाचा, मग सही करा. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. त्या दिवसानंतर काही आठवडे ते म्हणताना अडखळत होते. मग तेही थांबलं. माणूस विसरतो. मध्ये कोरोना आला, सासूबाई गेल्या, मुलगी कॉलेजात गेली.

साडेपाच वर्षांनी समन्स आलं. घेऊन त्याच हवालदारीणबाई आल्या, सरळ शाळेच्या ऑफिसात. केस पांढरे व्हायला लागले होते.

"ताई, ती पाटल्यांची केस. तुम्ही पंच क्रमांक दोन. साक्षीला यावं लागेल. नाही आलात तर वॉरंट निघतं, म्हणून आधीच सांगते."

"अजून चालू आहे ती?"

"आत्ता कुठे सुरू होतेय," त्या म्हणाल्या.

पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर होत्या. दुसऱ्या तारखेला मुद्देमाल, म्हणजे त्या पाटल्या, कोर्टात पोचल्याच नाहीत. तिसऱ्या तारखेला टिकल्यांच्या स्टॉलवाल्याची साक्ष झाली आणि माझा नंबर यायच्या आत कोर्ट उठलं. दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा, दर वेळी मुख्याध्यापकांचं तोंड. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं कमी आणि माणसं फार. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि पट्टेवाला कोणाचं नाव पुकारतो तिकडे कान ठेवायचे. तिथे कोणी भांडत नाही, कोणी रडत नाही. सगळे फक्त थांबलेले असतात. दुपारी डबे उघडतात, आरोपी आणि फिर्यादी एकाच नळावर हात धुतात.

दुसऱ्या तारखेला मी त्या आरोपी बाईला ओळखलं. बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. अंगाने निम्मी झाली होती. मी माझ्या दोन तारखांना वैतागले होते. ती प्रत्येक तारखेला येत होती, कारण आरोपीला यावंच लागतं. एवढ्या वर्षांत किती वेळा आली असेल याचा हिशेब मी मनात करायला गेले आणि मध्येच सोडून दिला.

तिसऱ्या तारखेला साक्ष देऊन बाहेर आलेला स्टॉलवाला माझ्याजवळ थांबला. "टेन्शन घेऊ नका मॅडम. कागदात आहे तसं बोलायचं. मी दहा मिनिटांत मोकळा झालो. आपल्याला सवय आहे."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. पूर्ण, पहिल्यांदाच. मी काळाचौकीला गेलेच नव्हते, डबा बघितलाच नव्हता, हे ऐकून तो टीव्ही बंद करून बसला. तो विमा कंपनीत नोकरी करतो. कागदाचं त्याला कळतं.

"खरं सांगितलंस तर तू तेव्हा खोटी सही केलीस असं होईल. गोत्यात तू येशील. शाळेची नोकरी आहे तुझी."

"आणि कागदाप्रमाणे बोलले तर?"

"तर काहीच होणार नाही."

दोन्ही उत्तरं बरोबर होती.

चौथ्या तारखेला सरकारी वकिलांनी मला आधी बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर फाइलींची अशी रास होती की पलीकडचा माणूस गळ्यापासून वरच दिसत होता. त्यांनी ती चार पानं माझ्यापुढे सरकवली. "वाचून घ्या. इतक्या वर्षांनी कोणाला आठवत नाही. त्यासाठीच हे असतं."

मी माझा पंचनामा पहिल्यांदा वाचला. 'आरोपीने आम्हा पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले की...' पुढे आम्ही पोलिसांच्या गाडीत बसलो होतो. गाडी काळाचौकीला थांबली होती. आम्ही लाकडी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. खोलीचं दार पूर्वेला होतं, आत डाव्या हाताला ओटा, ओट्याखाली तीन डबे. मधल्या डब्यात हात घालून तिने पाटल्या काढल्या होत्या आणि मी त्या बघितल्या होत्या. मी कधी न चढलेला जिना त्यात होता, कठड्यासकट. कोणीतरी बसून मला तो जिना चढायला लावला होता, आणि खाली माझी सही होती. वळणदार, पूर्ण नावाची.

"साहेब," मी म्हटलं, "मी तिथे गेलेच नव्हते."

त्यांनी चष्मा काढला. "हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"याआधी कोणी विचारलं नाही."

ते जरा वेळ डोळे चोळत बसले. मग म्हणाले, "हे बघा, खोटं बोला असं मी तुम्हाला सांगणार नाही. सांगूही शकत नाही. पण तुम्ही आत हे बोललात तर मला तुम्हाला फितूर जाहीर करावं लागेल. मग मीच तुम्हाला उलटे प्रश्न विचारीन. राग मानू नका. ते माझं काम आहे."

शपथ घेतली. देवाशपथ खरं सांगेन. पिंजऱ्याचा कठडा इतक्या हातांनी गुळगुळीत झालेला होता. मॅजिस्ट्रेट बाईंना सर्दी झाली होती, रुमाल नाकाला लावून त्या ऐकत होत्या आणि माझं प्रत्येक उत्तर टायपिस्टला सावकाश सांगत होत्या. ते समोरच्या स्क्रीनवर उमटत होतं.

मी सांगितलं. मला स्टॉपवरून बोलावलं. पानं तयार होती. पाटल्या टेबलावर होत्या. मी आरोपीच्या घरी गेले नाही. डबा बघितला नाही.

सरकारी वकील उठले आणि त्यांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. ती मिळाली. खरं बोलायला लागल्यापासून तीन मिनिटांत मी फितूर झाले. गिरगावात भांडणात वापरतात तो शब्द, आता माझ्या नावापुढे सरकारी कागदावर.

"या पानांवरच्या सह्या तुमच्या आहेत?"

"हो."

"आरोपी तुमच्या ओळखीची आहे?"

"नाही."

"आरोपीला वाचवण्यासाठी तुम्ही आज खोटं सांगत आहात, असं मी म्हणतो."

"नाही, साहेब."

मग मॅजिस्ट्रेट बाईंनी स्वतः विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. ऑफिसात काम करता. वाचलं नाही, बघितलं नाही, मग सही का केलीत?"

"घाई होती, मॅडम."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलतील, झापतील. मनातून मला तेच हवं होतं. पण त्या टायपिस्टकडे वळून म्हणाल्या, "साक्षीदार पुढे सांगते की, घाई असल्यामुळे तिने सह्या केल्या. पूर्णविराम."

आरोपीची वकील एक तरुण मुलगी होती, सरकारतर्फे फुकट मिळालेली. तिने दोनच प्रश्न विचारले.

"तुम्ही सही करत असताना आरोपी काही म्हणाली होती का?"

"हो. मी घेतलं नाही, असं म्हणाली."

"त्यावर कोणी काही विचारपूस केली?"

"नाही. मीसुद्धा नाही. मी घड्याळ बघितलं."

तेही टाईप झालं. खाली मी सही केली. या वेळी सगळं वाचून केली, आणि मला वेळ लागला तेव्हा पट्टेवाल्याने घसा खाकरला.

बाहेर आले तर हवालदारीणबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तुम्ही बोललात ते बरोबरच आहे, ताई," त्या म्हणाल्या. "पण साहेब रिटायर होऊन गावाला गेले. आता वरून विचारतील ते मला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागावण्याएवढी ताकद त्यांच्यात त्या दिवशी राहिली नसावी.

नळापाशी आरोपी बाई उभी होती. मी पाणी प्यायला गेले होते की तिच्याकडे, मला आजही सांगता येणार नाही. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं, हे मात्र खरं आहे, आणि त्याची लाज आहे.

"बाई," ती म्हणाली, "त्या दिवशी का नाय बोललात?"

मी नळापासून बाजूला झाले.

"अडीच महिने आत होते मी. जामीन झाला होता. पण जामीन राहणारा कोण मिळाला नाय. कोण राहणार, चोरीची केस म्हटल्यावर? आमच्याच चाळीतले दारं लावून घ्यायचे. पोरगी दहावीला होती. बसलीच नाय परीक्षेला. मावशीकडे जाऊन राहिली." तिने तोंडावर पाणी मारलं. "आज बोललात. चांगलं झालं. पण आज काय, आता काय राहिलंय?"

तिने आवाज चढवला नाही. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं आणि वकील मुलीने हाक मारली म्हणून निघून गेली.

निकालाच्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी मी रजा टाकून गेले. मॅजिस्ट्रेट बाईंनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे. निकालाची पानं वकील मुलीने मला नंतर वाचायला दिली. त्यात स्टॉलवाल्याबद्दल लिहिलं होतं की तो त्याच पोलीस स्टेशनच्या अनेक पंचनाम्यांत पंच आहे, त्याच्यावर विसंबता येत नाही. तपास अधिकाऱ्याबद्दल कडक शब्द होते, पण ते आपल्या गावी आंब्याची झाडं बघत बसले असणार. माझ्याबद्दल एक परिच्छेद होता. फितूर असली तरी या साक्षीदाराचे कथन स्वाभाविक वाटते, असं. ते वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं.

पाटल्या मूळ मालकाला परत करण्याचा हुकूम होता. ती म्हातारी मालकीण मधल्या काळात वारली होती. तिचा मुलगा आला होता. त्याने आमच्याकडे कोणाकडेच बघितलं नाही. त्याच्या दृष्टीने त्याच्या आईची चोर सुटली होती, आणि ती माझ्यामुळे सुटली होती.

व्हरांड्यात ती वकिलाला विचारत होती. "म्हणजे मी घेतलं नाय, असं लिवलंय ना?"

"तुम्ही घेतलं हे सिद्ध झालं नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे?"

वकील मुलीने कायद्याची भाषा सोपी करायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. मग ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही घरी जा. परत यायचं नाही."

ती तरी उभीच राहिली. सात वर्षं इथे येत होती, परत यायचं नाही म्हणजे काय ते तिला एकदम कळेना.

नवरा आणि मी निकालावर नंतर बोललो. तो म्हणाला, बघ, शेवटी कायदा चाललाच ना. चालला, हे मला नाकारता येत नाही. सर्दीने बेजार बाईंनी माझा शब्दन् शब्द लिहून घेतला. सरकारी वकिलांनी मला दमात घेतलं नाही. फुकट मिळालेल्या वकील मुलीने तिची तयारी चोख केली होती. त्या खोलीत प्रत्येकाने आपापलं काम केलं. पण आम्ही चार माणसांनी दहा मिनिटांत जे केलं होतं, ते पुसायला त्या सगळ्यांना सात वर्षं लागली, आणि तेही पूर्ण पुसलं गेलं नाही.

कारण तिने पाटल्या घेतल्या होत्या की नाही, हे मला आजही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. त्या खरंच डब्यात असतील, तर आमच्या खोट्या कागदाने खरी चोरी बुडवली. नसतील, तर आमच्या कागदाने एका निर्दोष बाईला आत घातलं. सही करण्याआधी मी फक्त एवढं म्हटलं असतं, चला, मला डबा दाखवा, तर दोन्हीपैकी एक काहीतरी कळलं असतं. काळाचौकी तिथून चालत वीस मिनिटांवर आहे.

खोट्या सहीबद्दल मला नोटीस येईल असं मी काही महिने धरून होते. टपाल आलं की आधी पाकिटावरचा शिक्का बघायचे. आली नाही. कोणी काही विचारलं नाही. स्टॉलवालाही तिथेच आहे, मला बघून नमस्कार करतो.

निकालाच्या दिवशी गेटपाशी मी तिला गाठलं होतं. दुसरं काय बोलावं सुचेना, म्हणून माझ्या कामातलं बोलले. शाळेत न जाताही दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, मुलीला माझ्याकडे पाठवा, सगळं मी करून देते. तिने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

मागच्या महिन्यात तिची मुलगी आली. बावीस वर्षांची, दादरला एका साड्यांच्या दुकानात कामाला आहे. ऑफिसच्या दारातच उभी राहिली.

"आईने पाठवलं म्हणून आले."

मी फॉर्मची माहिती काढून ठेवली होती. शाळा सोडल्याचा दाखला लागेल, फोटो लागतील, शेवटची तारीख अमुक, मी सांगत गेले.

"मला नाही बसायचं आता," ती मध्येच म्हणाली. "तेव्हा बसायचं होतं."

"अजून वय गेलेलं नाही गं."

"वयाचं नाही." तिने माझ्या टेबलाकडे, फाइलींकडे, शिक्क्यांकडे बघितलं. "आईला सांगते, जाऊन आले म्हणून."

मी चहा विचारला. नको म्हणाली, दुकान अकराला उघडतं, शेठ उशीर चालवून घेत नाही. यादी लिहिलेला कागद मी तिच्या हातात दिला. तिने घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि बाहेर रांगेत उभे असलेले पालक एकेक करून आत यायला लागले.